बाई इंग्रज नव्हत्या

बाईंच्या घराचा पुढचा दरवाजा मधोमध आडवा कापलेला होता. खालचा अर्धा बंद, वरचा अर्धा सताड उघडा, आणि त्या खालच्या अर्ध्यावर दोन्ही कोपरं टेकवून बाई उभ्या. अमरावतीत खोली शोधत मी त्या गल्लीत पहिल्यांदा शिरले तेव्हा मला हेच दिसलं. पांढरे केस, गोरा रंग उन्हानं विटकरी झालेला, तोंडभर तांबूस ठिपके, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला. हातात कोथिंबिरीची जुडी धरून त्या भाजीवाल्याला विचारत होत्या, "सांभार कायले इतका सुकला बे? उशाशी घेऊन झोपला होता का?"

मी नांदगाव खंडेश्वरकडची. घरी भाजीपाल्याची शेती. वऱ्हाडी आमची घरचीच बोली. पण त्या तोंडातून ती ऐकून मी रस्त्यातच उभी राहिले. बाईंनी भाजीवाल्याला सोडलं आणि मला धरलं.

"काय पाहून रायली? खोली पाह्यजे का?"

"हो."

"काय शिकतं?"

"डी. फार्म."

"मंग नियम आइक. आलू सोलून उकडाचे नाही, सालीसकट उकडाचे. अन् रडाचं असंन तर माह्या सैपाकघरात येऊन रडाचं. एकटीनं खोलीत रडाले या घरात मनाई हाय."

मला वाटलं, बाईंचं डोकं थोडं सरकलेलं आहे. पण पंधरा दिवसांतच पहिल्या चाचणीत मी नापास झाले आणि नियमाप्रमाणे त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन रडले. बाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसून पेपर वाचत राहिल्या. ना पाठीवरून हात, ना एक शब्द. माझे हुंदके थांबल्यावर पेपर खाली करून म्हणाल्या, "झालं? आता तोंड धू अन् ते भांडे घास." शिकतानाची दोन आणि नंतर औषधाच्या दुकानात काम करतानाची तीन, अशी पाच वर्षं मी त्या घरात राहिले.

त्या आयर्लंडच्या. पश्चिमेच्या किनाऱ्यावरचं, दगडांनी भरलेलं खेडं. विशी-बाविशीत नर्स होऊन, नन होऊन मिशनच्या दवाखान्यात आल्या. "आमच्याकडं शेतात माती कमी अन् गोटे जास्त," त्या सांगायच्या. चुलीत घालायला लाकूड नाही, म्हणून दलदलीची ओली माती फावड्यानं विटांसारखी कापायची, वाळवायची आणि जाळायची. "जमिनीच्याच गोवऱ्या म्हण ना," त्या म्हणायच्या. दरवाजा असा कापायची पद्धतही तिकडचीच. वरून उजेड आत येतो, खालून बकऱ्या येत नाहीत. लग्नानंतर इथं घर बांधलं तेव्हा सुतारानं नवाकोरा सागवानी दरवाजा कापायला साफ नकार दिला होता. बाईंनी त्याच्या हातातली करवत घेऊन स्वतः कापायला सुरुवात केली, तेव्हा बिचाऱ्यानं घाबरून उरलेला कापून दिला.

त्यांच्या तोंडी 'ळ' कधीच बसला नाही. पण आमच्याकडे निम्मी माणसं डोळ्याला डोया आणि केळ्याला केयं म्हणतात, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आमच्याकडच्या बायांसारखं त्या 'मी येतो, मी जातो' म्हणायच्या. पुण्याहून आलेल्या एका प्राध्यापिकेनं एकदा त्यांना फार गोड आवाजात सांगितलं, "बाई, स्त्रीनं 'येते' म्हणायचं असतं." बाई म्हणाल्या, "तुमी या येते. मी येतो."

एका गोष्टीवर मात्र त्या खरंच चिडायच्या. कुणी इंग्रज म्हटलं की संपलं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक शाळा होती. पंधरा ऑगस्टला मुख्याध्यापकांनी मोठ्या कौतुकानं बाईंना पाहुणी म्हणून बोलावलं आणि माइकवर सांगितलं, "इंग्लंडहून आपल्या देशात आलेल्या..." बाई खुर्चीतून उठल्या आणि माइक त्यांच्या हातातून काढून घेतला.

"पोट्टेहो, सर चुकले. मी इंग्रज नाही. इंग्रज आमच्या छातीवर तुमच्यापेक्षा जास्त वर्सं बसला होता. आमच्याकडं आलू सडले, लोक उपाशी मेले, अन् त्याच वक्ती आमचं धान्य जहाजात भरून इंग्लंडले गेलं. माह्या आजीले तिच्या आजीनं हे सांगितलं होतं. मंग आमी त्यायले हाकललं. तुमच्या पंचवीस वर्सं आधी. तवा तुमी आमच्या मागून आले. बोला, भारत माता की..."

पोरांनी असा जयजयकार केला की मुख्याध्यापकांना पुढचं भाषण करताच आलं नाही. तेव्हापासून दर वर्षी पाहुण्या बाईच.

मतदानाच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जायचे, कारण तमाशा ठरलेला असायचा. त्या कधीच्या भारतीय नागरिक झालेल्या होत्या. पण दर वेळी बूथवर नवा माणूस आणि दर वेळी तोच प्रश्न. एकदा एक तरुण कर्मचारी त्यांना नम्रपणे म्हणाला, "मॅडम, फॉरेनरला मतदान करता येत नाही."

"तू कुठचा?"

"तिवस्याचा."

"किती वर्साचा?"

"सव्वीस."

"मी चाळीस वर्सांपासून इथं वोट देऊन रायली. तू झाला नोता तवापासून. कोण नवीन हाय, तू का मी?"

मागची रांग हसायला लागली. त्यानं मुकाट्यानं यादी पाहिली आणि बोटाला शाई लावली. घरी येईपर्यंत बाईंनी ते बोट झेंड्यासारखं उभं धरलं होतं.

त्यांच्या लग्नाची गोष्ट मी त्यांच्याकडून चार वेळा ऐकली आणि चारही वेळा ती सारखीच होती. यजमान वरूडकडचे, संत्र्याच्या बागायतदार घरातले. झाडावरून पडून पाय मोडला म्हणून दवाखान्यात आले. दोन महिने पाय पलस्तरात वर टांगलेला. "त्यानं मले मागणी नाही घातली. मीच इचारलं. पाय बांधला होता, पयून कुठं जाणार होता?" हे सांगताना त्या भिंतीवरच्या फोटोकडे पाहायच्या. मी आले तेव्हा यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

नवऱ्याला घेऊन त्या एकदाच आयर्लंडला जाऊन आल्या. अकरा दिवस सलग पाऊस. त्यानं खिडकीतून पाहत विचारलं, "इथं कापूस कसा पिकत असंन वं?" आणि गावातला जो भेटेल तो बाईंना विचारी, परत कधी जाणार? "तिकडचे इचारते परत कधी जातं, इकडचे इचारते परत कधी जातं," बाई म्हणायच्या. "मी दोघांयलेही सांगतो, आत्ता मी च्या पिऊन रायली, नंतर ये."

पण नन असताना लग्न करणं ही साधी गोष्ट नव्हती. मिशननं त्यांना सोडलं, ते बाईंनी फारसं मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं ते सिस्टरचं.

सिस्टर म्हणजे त्यांच्याबरोबर एकाच जहाजातून आलेली त्यांची मैत्रीण. दोघींची गावं शेजारशेजारची, मधे फक्त एक टेकडी. ती शेवटपर्यंत नन राहिली, अकोल्याला. बाईंनी झगा उतरवून साडी नेसली त्या दिवसापासून सिस्टर त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. नऊ वर्षं. मग बाईंना टायफॉइड झाला आणि एका सकाळी सिस्टर सुपाचा डबा घेऊन दारात हजर. तिनं बाईंना चमच्यानं सूप भरवलं आणि भरवता भरवता आयरिश भाषेत दीड तास शिव्या दिल्या. "नऊ वर्साचा हिशोब होता," बाई म्हणाल्या, "मी तोंडात चमचा असल्यामुयं काही बोलू नाही शकली."

त्यानंतर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाई बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जायच्या. कधीकधी मी पिशवी धरायला सोबत. म्हाताऱ्या सिस्टरांसाठी मिशननं एक बैठं घर ठेवलं होतं. त्याच्या व्हरांड्यात दोघी समोरासमोर बसत, आणि दहा मिनिटांत आवाज चढत. इंग्रजी नव्हे, त्यांची स्वतःची भाषा. घशातून येणारी, खडबडीत, आणि तरी गाण्यासारखी. येणारे-जाणारे घाबरून पाहत. मी एकदा विचारलं, "बाई, इतकं कशावरून भांडता?"

"आलूवरून. तिच्या गावात आलूले एक शब्द, माह्या गावात दुसरा. पन्नास वर्सं झाले, बाई ऐकून घेत नाही."

सिस्टरना तेवढं मराठी बरोबर कळलं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिचा शब्द चूक हाय. लिहून ठेव."

मी बाईंकडे राहायला येऊन चार वर्षं झाली होती तेव्हा मे महिन्यात एका सकाळी फोन आला. सिस्टर पहाटे झोपेतच गेल्या. बाई रडल्या नाहीत. साडी बदलली, सोडा आणि दही घालून भाजलेली, त्यांच्या आयर्लंडकडची जाड गोल भाकर फडक्यात बांधली आणि मला म्हणाल्या, "चाल."

अकोल्याला उतरलो तेव्हा दहा वाजले होते आणि फलाटावरच्या लोखंडी बाकाला हात लावता येत नव्हता. घराच्या प्रमुख मदर दारातच भेटल्या. पन्नाशीच्या, केरळच्या, शिस्तीच्या. मराठी पुस्तकातून शिकल्यासारखं, प्रत्येक शब्द वेगळा.

"बारा वाजता दफन होईल. उष्णता फार आहे. तोपर्यंत सर्वांनी प्रार्थनागृहात शांत बसावे."

"नाही," बाई म्हणाल्या.

"काय नाही?"

"बारा नाही. पाच. अन् शांत बी नाही."

मदरना वाटलं, आपल्यालाच भाषा कळली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"आमच्याकडं मेलेल्या माणसाले एकटं नाही ठेवत," बाई सांगू लागल्या. "सारे येते, त्याच्याभोवती बसते, च्या पिते, खाते, अन् त्याच्या गोष्टी सांगते. हसते बी. दिवसभर. मंग नेते."

"हा मृत्यू आहे. तमाशा नाही," मदर कडक आवाजात म्हणाल्या. "आणि शरीर या उन्हात टिकणार नाही."

"थे माह्यावर सोड."

बाई बाहेर गेल्या आणि अर्ध्या तासात हातगाडीवर बर्फाच्या लाद्या घेऊन आल्या. भुशानं माखलेल्या त्या लाद्या त्यांनी आणि गाडीवाल्यानं मिळून पलंगाखाली टबात लावल्या. खिडक्यांना ओली पोती टांगली, एक कूलर तोंडाशी ओढला. मदर बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. अडवलं नाही, पण चेहरा दगडाचा.

लोक येऊ लागले. म्हातारी आया, जिनं सिस्टरबरोबर तीस वर्षं काम केलं. दवाखान्यातला जुना ड्रायव्हर. आणि बायाच बाया, ज्यांची बाळंतपणं सिस्टरच्या हातची. आमच्याकडच्या पद्धतीनं सगळे भिंतीला टेकून मान खाली घालून बसले. मरणाच्या घरी चूल पेटत नाही तिथं बाईंनी भाकरीचे तुकडे आणि लोणी फिरवायला सुरुवात केली. कुणी हात पुढे करेना. ती शांतता मला सहन होईना. वाटलं, बाईंना आता कोणीतरी थांबवावं.

बाई सिस्टरच्या उशाशी स्टूल ओढून बसल्या.

"ही पहिल्या वर्सी मराठी शिकली ती सैपाकीन बाईपासून," त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "सैपाकीन जशी आपल्या पोट्ट्यासंग बोले, तशी. दवाखान्याच्या नव्या वॉर्डाले कलेक्टर आले. सारे हार घेऊन उभे. ही पुढं झाली, हात जोडले, अन् एकदम आदरानं म्हणते, 'ये बे. टेक बूड.'"

मग कोपऱ्यातून आयाबाईचा पदर तोंडावर गेला. खांदे हलत होते. रडते आहे असं वाटलं, आणि मग ती फिस्सकन फुटली. ड्रायव्हर फुटला. सगळी खोली फुटली.

"अन् कलेक्टर बसले ना वं!" आयाबाई डोळे पुसत म्हणाली. "मी पाह्यलं. चूपचाप बसले." मग तिनं तिची गोष्ट सांगितली. मग मूर्तिजापूरच्या एका बाईनं सांगितलं की तिच्या सासूनं तिसऱ्या मुलीचं तोंड पाहायला नकार दिला तेव्हा सिस्टरनं ते बाळ सासूच्या मांडीत ठेवलं, दार बाहेरून लावलं आणि सांगितलं, नाव ठेवल्याशिवाय उघडणार नाही. "दोन घंट्यानं सासूनं नाव ठेवलं," ती म्हणाली. तिच्या शेजारी बसलेली, मांडीवर मूल असलेली तरुणी म्हणाली, "थे मीच."

भाकर कधी संपली कळलं नाही. मदर दारात आल्या.

"बस. हे थांबवा. बाहेर रस्त्यावर आवाज जातो."

बाई उठल्या. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"हिची माय मेली तवा हिले जाता नाही आलं. भाऊ मेला, त्याची चिठ्ठी महिन्यानं भेटली. पन्नास वर्सं तिनं दुसऱ्यायचे लेकरं हातात घेतले. आज तिच्यासाठी रडाले तिच्या रक्ताचं इथं कोणी नाही, मदर. मंग हसाले तरी असू दे. अन् तुले थांबवाचंच असंन तर मले उचलून बाहेर टाक. मी चालून नाही जाणार."

मदर वळल्या आणि निघून गेल्या. मला खात्री होती, त्या कुणाला तरी बोलवायला गेल्या. पंधरा मिनिटांनी त्या परत आल्या, दोन्ही हातांनी स्टीलची मोठी किटली धरून. सगळ्यांना चहा ओतला. स्वतःसाठी ओतला नाही. पण गेल्याही नाहीत. भिंतीशी उभ्या राहिल्या.

पाच वाजता दफन झालं. फादरांची प्रार्थना झाल्यावर बाई कबरीच्या कडेला गेल्या आणि आयरिशमध्ये काही म्हणू लागल्या. एक ओळ म्हणायच्या आणि थांबायच्या. मग तेवढीच दुसरी म्हणायच्या. नंतर त्यांनी मला सांगितलं, ती प्रार्थना दोघांची असते. एकानं म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर देणारी खाली होती, म्हणून त्यांनी दोघींचं म्हटलं.

परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत त्या खिडकीबाहेरच्या काळ्या नांगरटीकडे पाहत होत्या. घरी आल्यावर हातपाय धुतले, स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याशी उभ्या राहून रडल्या. मी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि पेपर उघडून बसले. मला दुसरं काही येत नव्हतं. आणि येत असतं तरी त्यांनी चालवून घेतलं नसतं.

त्या आठवड्यात आयर्लंडहून भाच्याचा फोन आला. आता तिथं तुझं कोण आहे, इकडे ये, खोली तयार आहे. बाईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता, तो इंग्रजीत बोलत होता. त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि आयरिशमध्ये एकच वाक्य बोलून फोन ठेवला. मी विचारलं, काय म्हणालात? "म्हटलं, तुयी खोली किरायानं दे. माह्याकडं माही हाय."

पोळा होऊन गेल्यावर एका दुपारी अर्ध्या दरवाजाशी मदर उभ्या. एकट्याच आल्या होत्या. बाईंनी कडी काढली. दोघी स्वयंपाकघरात बसल्या, मी चहा टाकला. मदरनी बशीतलं बिस्किट उचललं आणि परत ठेवलं.

"माझ्या आईचे निधन झाले तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही," त्या एकदम म्हणाल्या. "आमच्या गावात नदीतून नावेने जावे लागते. आता तेथे माझे कोणी नाही." मग शब्द नीट जुळवून म्हणाल्या, "माझ्या वेळी तुम्ही याल का? त्या दिवशीसारखे?"

बाईंनी कप खाली ठेवला.

"मदर, तू माह्यापेक्षा वीस वर्सांनी लहान. मी कशी येऊ? तोवर मीच मातीत असीन." मग माझ्याकडे बोट केलं. "ही येईन. हिले अकोल्याच्या दवाखान्यात नोकरी लागली. पुढच्या महिन्यापासून तिथंच हाय. येतं ना वं?"

मला कुणी आधी विचारलं नव्हतं. मी मदरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे माझ्यावर होते आणि त्यात ती शिस्त वगैरे काहीच नव्हतं.

"येईन," मी म्हटलं.

"पण हिला माझ्याविषयी काही माहीत नाही," मदर म्हणाल्या. "ही काय सांगणार?"

"मंग आताच सांग," बाई म्हणाल्या. "लाजाचं नाही. हसाची गोष्ट सांग. पोट्टी, गॅस बंद कर अन् बस इथं."

मी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसले. मदरनी झग्याची बाही सारखी केली, खिडकीकडे पाहिलं, दोनदा घसा साफ केला.

"मी सात वर्षांची होते," त्या म्हणाल्या, "आणि मी चर्चमधील बदक चोरले."

"बदक?" बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "जिवंत?"

"फारच जिवंत," मदर म्हणाल्या, आणि मी पहिल्यांदा त्यांचे दात पाहिले.